बंगळुरूचा नाताळ आणि तिथली हवा

बंगळुरूतला डिसेंबर समजून घ्यायला दोन आकडे पुरतात. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ९२० मीटर उंचीवर आहे आणि त्याचा अक्षांश १३ आहे. उंचीमुळे उकाडा नाही आणि दक्षिणेला असल्यामुळे कडाक्याची थंडीही नाही. रात्री पारा १६ अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी २६-२७ पर्यंत चढतो. पुण्यात याच दिवसांत पहाटे १०-१२ अंशांचा गारठा आणि दुपारी २९-३० अंशांचं ऊन असतं. बंगळुरूत चढउतार त्याहून बराच आखूड. एक पातळ स्वेटर संध्याकाळी चढवायचा आणि सकाळी दहाच्या सुमारास उतरवून ठेवायचा, एवढीच इथली थंडी. सूर्य साडेसहानंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दारावरच्या नाताळच्या कागदी चांदण्या लवकर पेटतात.

या शहरात नाताळची तयारी हवेच्या कलाने करावी लागते. मुंबईहून किंवा गोव्याहून आलेली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. केक मधोमध खचतो, पीठ आंबत नाही, पॉइन्सेटियाचं कुंडीतलं झाड लाल होत नाही. प्रत्येकाचं कारण उंचीत, गारव्यात किंवा दमटपणात सापडतं. महाराष्ट्रातून इथे येऊन राहिलेली घरं आता पुष्कळ आहेत, आणि शेजारच्या घरातून आलेलं ताट पाहून 'आपणही करूया' असं त्यांतल्या अनेकांना वाटतं. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

हवेचं आणखी एक अंग आधीच सांगायला हवं. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ आलं की बंगळुरूवर दोन-तीन दिवस ढग बसतात, बारीक रिमझिम चालू राहते आणि दुपारसुद्धा गार होते. २०२२च्या डिसेंबरात मंदौस वादळ ममल्लपुरमजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा इथे असेच राखाडी दिवस गेले. असे दिवस सोडले तर क्रम ठरलेला असतो : पहाटे धुकं आणि दव, दुपारी स्वच्छ कोरडं ऊन, अंधार पडला की पुन्हा ओलसर गारवा. तळणीचे पदार्थ दुपारी करावेत आणि संध्याकाळच्या आत डबाबंद करावेत, हा नियम यातूनच आला.

नाताळ हा या शहराचा मोठा सण आहे, त्यामागे कँटोनमेंटचा इतिहास आहे. इंग्रजांनी १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणहून छावणी इथे हलवली. सेंट मार्क्स कॅथीड्रलची पायाभरणी १८०८ची, महात्मा गांधी रस्त्याच्या पूर्व टोकाचं होली ट्रिनिटी चर्च १८५१चं. शिवाजीनगरात सेंट मेरीज बॅसिलिका आणि तिच्या समोर रसेल मार्केट. या पट्ट्यात तमिळ, कन्नड, कोकणी, मल्याळी आणि अँग्लो-इंडियन ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारीशेजारी राहिले. एकाच गल्लीत मंगळुरी कोकणी घरातलं कुस्वार, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट, आणि अँग्लो-इंडियन घरातला रमचा केक दोन्ही मिळतात ते त्यामुळे.

केकपासूनच सुरुवात करू, कारण त्याचं काम नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागतं. सात इंची दोन गोल डब्यांसाठी सुका मेवा ६०० ग्रॅम लागतो : काळ्या मनुका २००, बेदाणे १००, बिया काढलेला खजूर १००, अंजीर ५०, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल १०० आणि साखरेत मुरवलेलं आलं ५० ग्रॅम. सगळं बेदाण्याएवढं चिरा. मनुका धुतल्या तर कापडावर पसरून पूर्ण वाळवा. बरणीत पाण्याचा अंश गेला की तोंडाशी बुरशी येते. दीड लिटरच्या काचेच्या बरणीत मेवा भरून २०० मिलिलिटर डार्क रम ओता, झाकण घट्ट लावा आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा. तीन-चार दिवसांनी एकदा बरणी उलटी करायची, म्हणजे वरचा मेवा कोरडा राहत नाही. पाच-सहा आठवडे उत्तम, तीनही चालतात. टूटीफ्रूटी मात्र यात घालू नका. ती रंगवलेल्या पपईची असते, तिचा रंग रममध्ये उतरून सगळा मेवा लालहिरवा करतो. हवीच असेल तर केकच्या पिठात शेवटी घाला.

रम नको असलेल्या घरांत एक चूक हमखास होते : मेवा संत्र्याच्या रसात भिजवून तीन आठवडे ओट्यावर ठेवला जातो. रसाला टिकण्याची ताकद नसते, तो आंबतो. रसात भिजवायचं तर २०० मिलिलिटर रसात मेवा पाच मिनिटं उकळा, गार करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी केक करा.

केकचा तपकिरी रंग जळक्या साखरेचा असतो. कोको घालणं ही पळवाट, तिने चव बदलते. जाड बुडाच्या पातेल्यात १५० ग्रॅम साखर पाण्याशिवाय मध्यम आचेवर वितळू द्या. ढवळायचं नाही, पातेलं हलवायचं. साखर सोनेरी, मग तांबूस, मग गडद तपकिरी होते आणि कडेने पहिला पातळ धूर दिसतो. त्या क्षणी गॅस बंद करून १०० मिलिलिटर उकळतं पाणी हात लांब ठेवून घाला, कारण पाक जोरात उसळतो. थंड पाणी घातलंत तर साखरेचा दगड होतो. तांबूस रंगावरच थांबलात तर केक फिकट निघतो, आणि दाट धूर येईपर्यंत थांबलात तर कडू. कडू झालेला पाक दुरुस्त होत नाही. टाकून पुन्हा करावा, साखर काही महाग नाही.

आता मुख्य पीठ. मीठ नसलेलं लोणी २५० ग्रॅम, पिठीसाखर २००, अंडी ५, मैदा २५०, चिरलेले काजू-अक्रोड १००, गार झालेला साखरेचा पाक १०० मिलिलिटर, चिमूटभर मीठ. मसाला ताजा कुटलेला : दालचिनीची पूड १ छोटा चमचा, लवंगा ६, पाव जायफळ, सुंठ अर्धा चमचा. बेकिंग पावडर सपाट पाऊण चमचा.

पाऊण का, ते सांगते. समुद्रसपाटीच्या कृतीत इथे एक चमचा लिहिलेला असतो. ९२० मीटरवर हवेचा दाब कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरीचे बुडबुडे जास्त फुगतात, पीठ भाजून घट्ट व्हायच्या आत फुटतात आणि केकचा मध्य खाली जातो. पाणीही इथे ९७ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे ओलावा लवकर उडतो. म्हणून पावडर थोडी कमी करायची आणि पीठ घट्ट वाटलं तर बरणीतला रमचा रस एक-दोन मोठे चमचे घालायचा. कोकणातून इथे आलेल्या चांगल्या सुगरणींचा केक पहिल्या वर्षी खचतो त्याचं कारण एवढंच असतं.

दुसरी अडचण लोण्याची. सकाळी १६-१७ अंशांत लोणी विटेसारखं असतं, आणि घाईत ते मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं जातं. वितळलेलं लोणी हवा धरत नाही. मग कितीही फेटा, केक चिकट होतो. लोण्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करून आणि अंडी फ्रिजमधून काढून दुपारपर्यंत बाहेर ठेवा. बोटाने दाबल्यावर खड्डा पडावा, बोट आत घसरू नये. केक दुपारी तीन-चारला करायला घ्यावा.

लोणी आणि साखर पांढरट, हलकी होईपर्यंत आठ-दहा मिनिटं फेटा. अंडी एकेक करून घाला. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर अंडी गार आहेत. एक चमचा मैदा घालून पुढे चला, सावरतं. मग साखरेचा पाक, मग बेकिंग पावडर, मीठ आणि मसाल्यासह चाळलेला मैदा, हलक्या हाताने. दोन चमचे मैदा आधीच बाजूला काढलेला असावा. निथळलेला मेवा आणि काजू-अक्रोड त्यात घोळवून शेवटी घाला. मेवा तळाशी बसतो त्याची कारणं दोन : तो निथळलेला नसतो किंवा पीठ पातळ असतं. चमचा उलटा केल्यावर पीठ लोंबत राहायला हवं, धार लागता कामा नये.

डब्याला आतून बटर पेपरचा दुहेरी थर आणि बाहेरून जाड तपकिरी कागद बांधा, नाहीतर कडा करपते आणि मध्य कच्चा राहतो. ओव्हन १५० अंशांवर आधीच तापलेला असावा. सव्वा ते दीड तास लागतो. घरगुती ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, वरची कॉइल जवळ असते, म्हणून तासाभराने वर फॉइल सैलसर झाका. सुई मधोमध टोचा. ती कोरडी निघाली तर झालं, मात्र मनुकेचा चिकटा आणि कच्चं पीठ यांत फरक करायला शिका. वर भेगा पडल्या तर आच जास्त होती. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर बटर पेपर आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा. रमचा केक असेल तर चार-पाच दिवसांनी वरून दोन छोटे चमचे रम शिंपडा. १०-१२ डिसेंबरला केलेला केक २५ तारखेला खरा लागतो. बिनरमचा केक २१-२२ तारखेच्या आधी करू नये आणि ढगाळ आठवड्यात तो फ्रिजमध्येच ठेवावा.

कँटोनमेंट भागातल्या घरांत ओव्हन नसायचे तेव्हा पीठ घरी कालवून डबे बेकरीच्या लाकडी भट्टीत भाजायला नेले जात. भट्टी पाव भाजून झाल्यावर उतरती असे, म्हणजे तापमान हळूहळू कमी होत जाई, आणि मेव्याने भरलेल्या अशा केकला नेमकं तेच मानवतं. घरी याची नक्कल करायची तर पहिली २० मिनिटं १६० अंश, मग १४५ वर आणा. वेळ थोडा वाढतो पण कडा मऊ राहते.

कुस्वारमधले दोन पदार्थ नवख्याने आधी करावेत : कुलकुल आणि रोझ कुकी. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, त्या वेगळ्या शिकवायला नकोत.

कुलकुलांसाठी मैदा ५००, बारीक रवा ५०, साखर ७५, कडकडीत तुपाचं मोहन ५० ग्रॅम, मीठ, एक अंडं आणि लागेल तसं नारळाचं दूध, साधारण २०० मिलिलिटर. शंकरपाळ्यांपेक्षा किंचित मऊ मळून ओल्या कापडाखाली तासभर ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा याच कामाच्या नव्या कंगव्यावर अंगठ्याने चपटी दाबायची आणि गुंडाळत आणायची. सांधा नीट दाबला नाही तर तेलात ती उलगडते आणि मध्ये तेल धरते. मंद-मध्यम आचेवर घाणा सात-आठ मिनिटं तळायचा. रंग लवकर आला म्हणून काढले तर आतून कच्चे राहतात आणि दोन दिवसांत सादळतात. पाकात घोळवायचे असतील तर २०० ग्रॅम साखर आणि ८० मिलिलिटर पाण्याचा गोळीबंद पाक हवा. एकतारी पाकात घोळवलेले चिकट राहतात. पाकातल्या कुलकुलांना ओलसर हवेत पाणी सुटतं, म्हणून अर्धे साधे ठेवणं शहाणपणाचं.

रोझ कुकी बिघडते ती साच्यामुळे. दांडीला फुलाच्या आकाराचा लोखंडी किंवा पितळी साचा असतो. नवा साचा रात्रभर तेलात बुडवून ठेवा, सकाळी पुसून तापत्या तेलात दहा मिनिटं राहू द्या. पहिल्या चार-पाच कुकी फुकट जाणार हे धरूनच चाला. पीठ : तांदळाचं वस्त्रगाळ पीठ २०० ग्रॅम, मैदा १००, पिठीसाखर १२५, दोन अंडी, नारळाचं घट्ट दूध ३०० मिलिलिटर, तीळ एक चमचा, मीठ. दाटपणा डोशाच्या पिठाहून थोडा पातळ. साचा तेलात तापवा, जादा तेल झटका, पिठात तीन-चतुर्थांशच बुडवा. वरच्या कडेवर पीठ चढलं तर कुकी साच्यात अडकते. पिठात बुडवताना 'चर्र' असा बारीक आवाज यायला हवा. आवाज नाही आणि पीठ साच्याला धरत नाही, तर साचा गार. जोरात तडतडून पीठ गळून पडतं, तर साचा फार तापलेला. दोन सेकंद हवेत धरा. तेलात सोडल्यावर अर्ध्या मिनिटाने साचा हलवला की कुकी सुटते, नाही सुटली तर सुरीच्या टोकाने ढकला. मधूनमधून पीठ ढवळा, तांदूळ खाली बसतो. साखर जास्त घातली तर रंग झटकन चढतो आणि कुकी गार झाल्यावर मऊ पडते. इथल्या संध्याकाळच्या दमट हवेत ती चूक लगेच दिसते.

आता दारावरची चांदणी. बाजारात घडीच्या कागदी चांदण्या मिळतात आणि त्या देखण्याही असतात, पण ज्याने आकाशकंदील केला आहे त्याने ही घरीच करावी. वसईत आणि गोव्यातही अशाच करतात. बांबूच्या ६० सेंटिमीटरच्या १० कामट्या, एक सेंटिमीटर रुंद, तासून गुळगुळीत केलेल्या. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करा. पाच कामट्या पंचकोनी ताऱ्यात एकमेकींवर रचल्या की त्या बरोबर या खुणांवर ओलांडतात. खुणा जुळत नसतील तर तारा वाकडा आहे, दोरा बांधायच्या आधी तो सरळ करा. कामट्या आळीपाळीने वर-खाली गुंतवा, म्हणजे चौकट आपोआप ताठ राहते. असे दोन तारे करून पाची टोकं एकत्र घट्ट बांधा. मग आतल्या पाच ओलांडणीच्या जागी दोन ताऱ्यांच्या मध्ये १५ सेंटिमीटरच्या काड्या उभ्या अडकवा. चांदणी फुगून तिला पोट येतं. जोर जास्त लावला की टोकं सुटतात, म्हणून टोकांना दोऱ्याचे निदान सहा वेढे आणि वर फेव्हिकॉलचा थेंब.

कागद पतंगाचा लावला तर उजेड सुंदर पसरतो, पण दवाने तो सैल पडतो आणि एका रिमझिमीत फाटतो. गॅलरी उघडी असेल तर जिलेटिन पेपर वापरा. छपराखाली असेल तर पतंगाचा कागद. खळीऐवजी फेव्हिकॉलच बरा, खळ ओल धरते. एक त्रिकोण मोकळा सोडा, दिवा घालायला आणि उष्णता जायला. दिवा ५ ते ७ वॅटचा एलईडी. जुने ४०-६० वॅटचे पिवळे दिवे कागद करपवतात. होल्डर चौकटीला बांधावा आणि चांदणीचं वजन वेगळ्या दोरीवर असावं, वायरवर नाही. ओल्या हवेत वायरचा उघडा जोड ठेवणं धोक्याचं. जोड घरात, चांदणीपर्यंत सलग वायर. चांदणी डिसेंबर लागताच लावतात.

येशूच्या जन्माच्या देखाव्याला, गोठ्याला, बंगळुरूत भाताच्या पेंढ्याबरोबर नाचणीचा पेंढाही वापरता येतो. आजूबाजूच्या गावांत नाचणी पिकतेच. गोठ्यापुढची हिरवळ जिवंत हवी असेल तर नाचणी पेरा. दाणे आठ-दहा तास भिजवून निथळा, उथळ ताटलीत दोन सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर दाणे एकमेकांना टेकतील इतके दाट. दोन दिवस झाकून, नंतर उजेडात. सावलीतच ठेवलं तर रोपं पिवळी आणि लांबुडकी होऊन लोळतात. गार रात्रींमुळे वाढ सावकाश असते, म्हणून १०-१२ डिसेंबरला पेरा. गहू किंवा मोहरी पेरायची तर १६ तारखेलाही चालतं. गोठ्याजवळ मेणबत्ती ठेवू नका, पेंढा वाळलेला असतो. बाळाची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत बाजूला ठेवतात, तीन राजे दुरून रोज थोडे सरकवत ६ जानेवारीला पोहोचवतात. मुलांना यातलं हेच काम सगळ्यांत आवडतं.

नाताळचं झाड म्हणून दक्षिणेत पूर्वीपासून सुरूच्या झाडाची फांदी आणतात. तिरका छेद देऊन ओल्या वाळूच्या बादलीत रोवा आणि वाळू रोज ओली ठेवा, तर आठवडाभर टिकते; कोरड्या बादलीत चार दिवसांत सुया झडतात. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतो तो कुंडीतला ॲरॉकेरिया. त्याच्या फांद्या मऊ, जड खेळणी लावली की वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत, म्हणून कागदाचे आणि कापसाचेच दागिने घाला. तो पंधरा दिवसांहून जास्त काळ घरात कोंडू नका. याच कुळातले उंच वृक्ष लालबागेत आहेत. त्यांतला कुक पाइन जगभर विषुववृत्ताच्या दिशेला कललेला आढळतो, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेकडे. गेलात तर मान वर करून बघा.

पॉइन्सेटियाला लांब अखंड रात्र लागते. रोज बारा तासांहून लांब काळोख सलग आठ-दहा आठवडे मिळाला की वरची पानं लाल होतात. इथला आखूड दिवस आणि सौम्य गारवा त्याला फार मानवतो, गच्चीवर ठेवलेलं झाड डिसेंबरात काहीही न करता रंगतं. हिरवंच राहिलं तर आजूबाजूचा रात्रीचा दिवा शोधा. रस्त्याचा दिवा, गॅलरीतला बल्ब, शेजारच्या जिन्यातला उजेड, यांतला कुठलाही पुरतो. ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहा ते सकाळी आठ कुंडीवर खोका पालथा घाला. छाटताना निघणारा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, हात धुवा.

शहरात फिरायचं तर कमर्शियल स्ट्रीटला कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या आत जा. २० तारखेनंतर संध्याकाळी तिथे चालताही येत नाही. सजावटीचं सुटं सामान शिवाजीनगरात स्वस्त पडतं आणि फुलं रसेल मार्केटात. साखरेच्या भव्य शिल्पांचं केक प्रदर्शन पाहायला घरातल्या मोठ्यांना दुपारी न्या. त्याच सुमारास कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची बसवनगुडीची शेंगदाण्यांची जत्रा नुकतीच होऊन गेलेली असते आणि भाजीबाजारात अवरेकाय, म्हणजे आपले पावटे, येऊ लागतात. थंडीतल्या शेंगांना हाताला लागणारा तेलकट उग्र वास असतो, त्याला इथे सोगडु म्हणतात, आणि जाणकार शेंग हुंगूनच घेतात. माझ्या मते बंगळुरूच्या नाताळचा वास रम आणि जायफळाइतकाच या शेंगांचाही आहे.

२४च्या रात्री मिस्साला जायचं असेल तर चर्चच्या फलकावर भाषा आणि वेळ आधी बघून ठेवा. एकाच चर्चमध्ये इंग्रजी, तमिळ, कन्नड, कोकणी अशा वेगवेगळ्या वेळा असतात. मोठ्या चर्चमध्ये आत जागा मिळत नाही, बाहेर खुर्च्या मांडतात. मध्यरात्री उघड्यावर दव अंगावर उतरतं, डोक्यावरून घ्यायला शाल हवी. ख्रिस्ती नसलेल्यांना कोणी अडवत नाही. प्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नये, आपल्या जागी शांत बसून राहावं.

दुसऱ्या दिवशीच्या जेवणात घराघराचं वेगळं. अँग्लो-इंडियन घरात नारळाच्या दुधातला पिवळा भात, खिम्याच्या गोळ्यांची बॉल करी आणि कच्चा कांदा, लाल मिरची, साखर, व्हिनेगर वाटून केलेली डेव्हिल चटणी. मल्याळी घरात अप्पम आणि स्ट्यू. मंगळुरी घरात सान्ना, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या वड्या, आणि डुकराच्या मांसाचा बाफात नावाचा मसालेदार रस्सा. सान्ना करणाऱ्यांनी गारव्याचा हिशोब ठेवावा : मुंबईत सहा-सात तासांत आंबणारं पीठ इथे डिसेंबरात बारा-चौदा तास घेतं. २४च्या संध्याकाळी पाचला वाटून ठेवा, मीठ सकाळी घाला, आणि पातेलं दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवा. नाताळच्या सकाळी फुगलेलं पीठ मिळेल. यीस्टचा डोस दुप्पट करणं हा उपाय नव्हे, त्याने सान्नांना वास येतो.

३१ तारखेला ब्रिगेड रोड आणि महात्मा गांधी रस्त्याच्या भागात पोलीस वाहनं बंद करतात, तेव्हा त्या बाजूची कामं ३० तारखेपर्यंत उरका. ६ जानेवारीनंतर चांदणी उतरवताना कागद फाडून टाका आणि चौकट जपा. मधल्या पाच काड्या काढल्या की ती सपाट होऊन पलंगाखाली मावते. ॲरॉकेरिया पुन्हा उन्हात नेताना आठवडाभर सावलीच्या बाजूला ठेवा, एकदम कडक ऊन दिलं तर टोकं करपतात. रोझ कुकीचा साचा साबणाने घासू नका. तेल पुसून, कागदात गुंडाळून, कोरड्या डब्यात ठेवा.